न दिसणारा ताव

मोटारीची दोन ॲलॉय चाके शेजारी शेजारी ठेवली आहेत, अशी कल्पना करावी. दोन्ही एकाच साच्यातून निघालेली, एकाच धातूची, वजनाला सारखी, रंगाला सारखी. त्यांतले एक चाक साच्यातून निघाल्यावर जवळपास दिवसभर दोन भट्ट्या आणि गरम पाण्याची एक टाकी असा प्रवास करून आले आहे. दुसरे ओतले तसेच आहे. वजनकाटा, मोजपट्टी, डोळा, कशालाच दोघांमधला फरक सापडणार नाही. पण कायमचा वाक येण्यासाठी पहिल्या चाकाच्या धातूवर दर चौरस मिलिमीटरला २२० ते २६० न्यूटन ताण यावा लागतो. दुसऱ्याचा धातू ८० ते १०० न्यूटनलाच मान टाकतो. ताकद दुपटीहून अधिक वाढली आणि त्यासाठी धातूत कणभरही काही मिसळले नाही. मिसळली ती उष्णता, तीही मोजून.

या मोजून दिलेल्या उष्णतेची गोष्ट मेहरूणमध्ये उभे राहून समजून घ्यावी अशी आहे. जळगाव शहराच्या या भागाची ओळख तलावाची आणि बोरांची. इथल्या बोराने तर वाणालाच गावाचे नाव मिळवून दिले. तलावाकाठी सकाळी फिरायला माणसे लोटतात, आणि तिथून फार लांब नसलेल्या एमआयडीसीत चटया, पाइप आणि डाळींचे कारखाने चालतात. ॲल्युमिनियमच्या ओतकामासाठी हे शहर कुणाला माहीत नाही. तो मान शिक्रापूर, चाकण, वाळूजचा. पण तिकडे ओतलेले ॲल्युमिनियम इकडे रोज रस्त्यावरून येते आणि इथे आल्यावर वाकते, तडकते, गॅरेजात दुरुस्त होते. अजिंठा चौफुलीवरून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता किती वर्षे उखडलेला होता, हे जळगावकरांना सांगायला नको. फागणे ते तरसोद चौपदरीकरणाचे रखडणे हा तर स्वतंत्र अध्याय आहे. खड्डा सगळ्या चाकांना सारखाच बसतो. चाक त्यातून कसे बाहेर येते, हे त्याने आधी कोणता ताव खाल्ला आहे यावर ठरते.

ऐरणीवरचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव इथे उलटा पडतो. विळ्याचे पाते लाल तापवून पाण्यात बुडवले की ते त्याच क्षणी टणक होते. लोहार याला पाणी देणे म्हणतात. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू तसाच तापवून पाण्यात टाकला तर तो मऊ होऊन बाहेर येतो. टणकपणा नंतर येतो, काही तासांनी, काही दिवसांनी, धातू नुसता पडून असताना. दुसरा उलटेपणा याहून धोक्याचा आहे. लोखंड किती तापले ते रंगावरून कळते: काळपट लाल, मग चेरीसारखे लाल, मग नारिंगी. ॲल्युमिनियम असा कोणताच इशारा देत नाही. दिवसाउजेडी ५०० अंशांवरही ते चंदेरीच दिसते, आणि मग काही न सांगता वितळून खाली बसते. लोहाराचा डोळा ही मोठी विद्या आहे, पण या धातूपुढे ती चालत नाही. इथे तापमापक लागतो.

जळगावच्या सराफ बाजाराला मात्र या वागण्याचा एक नातेवाईक ठाऊक असायला हरकत नाही. १८ कॅरेटच्या लालसर सोन्यात तांब्याचे प्रमाण मोठे असते. ते तापवून सावकाश गार होऊ दिले तर टणक आणि ठिसूळ होते, पुढच्या घडाईत तडकते. तापवल्यावर लगेच विझवले तर मऊ राहते आणि हवे तसे वळते. सोन्यात तांब्याच्या अणूंची मांडणी बदलते, ॲल्युमिनियममध्ये घडते ते थोडे वेगळे. पण गरम धातू किती वेगाने गार केला यावर त्याचा स्वभाव ठरतो, ही गोष्ट दोन्हीकडे तीच.

उशिरा येणाऱ्या या टणकपणाचा शोध काडतुसांच्या मागे लागून लागला. आल्फ्रेड विल्म हा जर्मन धातुतज्ज्ञ बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्ग येथील संशोधन केंद्रात काम करत होता. पितळी काडतुसाच्या नळीला हलका पर्याय हवा होता, आणि ॲल्युमिनियम त्यासाठी फारच मऊ पडत होते. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत रायफलीच्या गोळ्यांना आजही पितळेचीच नळी असते, यावरून पितळेला हटवणे किती अवघड होते ते दिसते. विल्मने ॲल्युमिनियममध्ये सुमारे ४ टक्के तांबे आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम घातले, ते ५०० अंशांच्या वर तापवून विझवले आणि कठीणता मोजली. आकडा निराशाजनक होता. हे वर्ष १९०६. हकिगत अशी सांगतात की आठवड्याच्या शेवटी काम अर्धे टाकून सगळे घरी गेले, आणि सोमवारी तेच तुकडे पुन्हा मोजले तेव्हा आकडा चढलेला होता. मोजण्याचे यंत्र बिघडले असावे, असा पहिला संशय आला. यंत्र ठीक होते. धातू दोन दिवसांत पडल्या पडल्या बदलला होता. ड्युरेन गावच्या धातुकारखान्याने हा मिश्रधातू ड्युरॅल्युमिन नावाने बाजारात आणला आणि पहिल्या महायुद्धात झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचे झाले. काडतुसे मात्र पितळेचीच राहिली.

विल्मला काय होते ते दिसले, का होते ते कळले नाही. ते कळायला तीस वर्षे लागली. वॉशिंग्टनच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये पॉल मेरिका आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये खुलासा मांडला: गरम ॲल्युमिनियममध्ये तांबे पूर्ण विरघळते, गार ॲल्युमिनियमला तेवढे पेलत नाही, आणि विझवल्यामुळे आत कोंडून राहिलेले जास्तीचे तांबे हळूहळू इतक्या बारीक कणांत बाहेर पडते की सूक्ष्मदर्शकालाही ते दिसत नाहीत. तर्क पक्का होता, पुरावा नव्हता. तो १९३८ मध्ये आला. पॅरिसमध्ये आंद्रे गिनिए आणि इंग्लंडमध्ये जॉर्ज प्रेस्टन या दोघांनी, एकमेकांशी संबंध नसताना, क्ष-किरणांच्या छायाचित्रांत हे अतिसूक्ष्म थर पकडले. आजही त्यांना गिनिए-प्रेस्टन झोन म्हणतात.

हे कण धातूला टणक कसे करतात? धातू वाकतो तेव्हा अणूंचे सगळे थर एकदम सरकत नाहीत. स्फटिकाच्या रचनेत जिथे रांग चुकलेली असते तिथून सरकणे सुरू होते आणि ती चूक पुढे पुढे जात राहते. धातुशास्त्रात तिला डिसलोकेशन म्हणतात. तिची वाट अडवली की धातू वाकायला नकार देतो. मेहरूणच्या शेतकऱ्याला वाट अडवण्याचे शास्त्र वेगळे शिकवायला नको. बोरीच्या फांद्या तोडून शेतवाटेवर दोन मोठे ढीग रचले तर माणूस दोन ढिगांच्या मधल्या जागेतून निघून जातो. एकेक काटा सुटा करून पसरला तर वहाणेखाली चिरडला जातो. पण हातभर लांबीच्या जाळ्या जवळ जवळ टाकल्या तर पाय ठेवायला जागा उरत नाही. ॲल्युमिनियममध्येही हेच तीन टप्पे आहेत. कण फार बारीक असताना चूक त्यांना कापून पुढे जाते. फार मोठे आणि विरळ झाले की वळसा घालून जाते. मधल्या टप्प्यावर ती अडकते. भट्टीतले सगळे कौशल्य हा मधला टप्पा गाठण्याचे आणि तिथेच थांबण्याचे आहे. थांबले नाही, तापवतच राहिले, तर कण एकमेकांना खाऊन मोठे होतात आणि कमावलेली ताकद उतरू लागते.

ओतीव ॲल्युमिनियममधला या विद्येचा सर्वांत हृद्य नमुना कुणी जाणूनबुजून बनवलेलाच नाही. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले. त्याचे इंजिन त्यांचा यंत्रकारागीर चार्ली टेलर याने डेटनच्या सायकल दुकानात घडवले होते. वजन वाचवण्यासाठी इंजिनाचे मुख्य कवच, म्हणजे क्रँककेस, ॲल्युमिनियमचे ओतून घेतले. त्यात तांबे ८ टक्के. त्या मूळ कवचाचा बारीक तुकडा फ्रँक गेल आणि मार्था गुडवे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि १९९४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष छापला. त्या ओतकामात गिनिए-प्रेस्टन झोन होते. जाड कवच साच्यात ज्या गतीने गार झाले त्यातच टणक होण्याची क्रिया घडून गेली होती. विल्मचा सोमवार उजाडायला तेव्हा तीन वर्षे बाकी होती. डेटनच्या ओतशाळेतल्या माणसांना आपण काय केले ते कधीच कळले नाही, आणि तरी पहिले उड्डाण त्यांच्या कामावर तरंगले.

योगायोगावर दुसरे विमान उडवता येत नाही, म्हणून पुढे आकडे आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत वॉल्टर रोझेनहाइनच्या देखरेखीखाली ‘वाय ॲलॉय’ तयार झाला: ४ टक्के तांबे, २ टक्के निकेल, दीड टक्का मॅग्नेशियम. इंजिनाच्या उष्णतेतही ताकद टिकवणारा हा ओतीव धातू पिस्टनसाठी वापरात आला. मोटारींसाठी पुढे तांब्याऐवजी सिलिकॉन आणि मॅग्नेशियमचे कुटुंब लोकप्रिय झाले, कारण सिलिकॉनमुळे रस साच्यात पाण्यासारखा पसरतो आणि गार होताना कमी तडकतो. आपल्याकडच्या ओतशाळांत हा धातू एलएम-२५ या ब्रिटिश नावाने चालतो, चाकांच्या कारखान्यांत ए-३५६ या अमेरिकी नावाने. सिलिकॉन सुमारे ७ टक्के, मॅग्नेशियम जेमतेम ०.३ ते ०.४ टक्के. सगळी करामत या चिमूटभर मॅग्नेशियमची.

एलएम-२५ ला पूर्ण ताव देण्याचे वेळापत्रक पाहावे. पहिल्या भट्टीत ५२५ ते ५४५ अंश, ४ ते १२ तास. इथे मॅग्नेशियम धातूत विरघळते, आणि पात्यांसारखे टोकदार असलेले सिलिकॉनचे कण कडा झिजून गोल होतात. ही दुसरी गोष्ट बोलली कमी जाते, पण धक्का सोसण्याची क्षमता तिच्यातून येते, कारण टोकदार कण म्हणजे तडा सुरू व्हायची तयार जागा. तापमानाला वर फारशी जागा नाही. आणखी १५-२० अंश चढले की सर्वांत आधी वितळणारा भाग आतून वितळू लागतो. तसा नग बाहेरून नीट दिसला तरी भंगारात टाकावा लागतो; दुसऱ्यांदा भट्टी देऊन तो सुधारत नाही. खाली घसरले तर मॅग्नेशियम अर्धेच विरघळते. म्हणून भट्टीचा काटा एका कोपऱ्यात ५४० दाखवतो एवढ्याने भागत नाही, सगळ्या कोपऱ्यांत तोच आकडा हवा. विमानांच्या भागांसाठीच्या भट्टीत जागोजागी थर्मोकपल लावून सहा अंशांच्या आत-बाहेर फरक चालवून घेतला जातो, त्यापलीकडे नाही.

मग पाणी. भट्टीचे दार उघडले की घाई सुरू होते. जाळीची टोपली दहा-पंधरा सेकंदांत पाण्यात गेली पाहिजे. उशीर झाला तर मॅग्नेशियम चुकीच्या जागी, चुकीच्या आकारात बाहेर पडते आणि पुढच्या भट्टीला काम करायला काही उरत नाही. पाणी गार चालत नाही. गार पाण्यात चाकाचा पातळ भाग आधी आखडतो, जाड भाग नंतर, आणि नग वाकडा होतो. त्यामुळे पाणी ६० ते ८० अंशांवर ठेवतात. शेवटी दुसरी भट्टी, १५५ ते १७५ अंश, ८ ते १२ तास. हे तापमान घरातल्या केक भाजायच्या ओव्हनपेक्षा जास्त नाही आणि सगळी कमाई इथे होते. या तासांत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिळून सुईसारखे कण बनतात, काही नॅनोमीटर जाड आणि काही डझन नॅनोमीटर लांब. केसाच्या जाडीत अशा हजारो सुया शेजारी शेजारी मावतील. या संपूर्ण प्रवासाला अमेरिकी संज्ञेत टी-६ म्हणतात, ब्रिटिश संज्ञेत टीएफ. साच्यातून काढून नुसती दुसरी भट्टी दिली तर ते टी-५ किंवा टीई. अक्षरे कोरडी आहेत, पण खरेदीच्या कागदावर तीच सर्वांत महत्त्वाची. धातूचे नाव लिहिले आणि टी-६ लिहायचे राहिले, तर कागद अपुरा आहे.

शिक्रापूरला एन्काई व्हील्स आणि ॲलिकॉन कॅस्टॲलॉय, वाळूजला एन्ड्युरन्स, कोल्हापूरला मेनन पिस्टन्स: महाराष्ट्रात ओतीव ॲल्युमिनियमची ही परंपरा आता चांगली रुजली आहे. वाळूज तर मेहरूणहून अजिंठ्याच्या घाटाने गेले की चार-पाच तासांवर. तिथून निघणाऱ्या मोटारसायकली खानदेशातल्या प्रत्येक गावात पोचल्या आहेत. शेतीशी या धातूची ओळख तर त्याही आधीची. केळी आणि कापसाच्या मळ्यांत विहिरीवर वीज पोचण्याआधी डिझेल इंजिने धडधडत. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ पासूनची, आणि तिचे पाच अश्वशक्तीचे एव्ही-१ इंजिन माहीत नाही असा जुना बागायतदार सापडणे कठीण. अशा इंजिनांच्या पिस्टनसाठी १२ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असलेला एलएम-१३ हा धातू वापरतात, आणि त्याच्या तावाची कथा चाकापेक्षा निराळी आहे.

चाकाला कमाल ताकद हवी. पिस्टनला आधी स्थिरता हवी. चालत्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर अडीचशे अंशांच्या वर तापमान जाते. टणक करणारे कण कारखान्यात पुरते बाहेर पडले नसतील तर ते राहिलेले काम इंजिनातच पूर्ण करतात, आणि ते करताना धातू किंचित फुगतो. ही वाढ गार झाल्यावरही परत जात नाही. सिलिंडर आणि पिस्टन यांच्यात मोकळी जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या हिशेबात असते. पिस्टन वाढला की ती संपते आणि इंजिन धरते. म्हणून एलएम-१३ च्या पिस्टनला दुसऱ्या भट्टीत मुद्दाम जास्त ताप देतात, २०० ते २५० अंशांवर ४ ते १६ तास. थोडी ताकद सोडून द्यायची आणि आकार पक्का करून घ्यायचा. ऐन उन्हाळ्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, केळीला पाणी देता देता धरलेले इंजिन म्हणजे काय, हे ज्यांनी सोसले त्यांना या सोळा तासांची किंमत समजेल. पिस्टन धरण्याची कारणे पुष्कळ असतात, तेल आणि पाणी संपणे ही पहिली. पण स्वस्त पिस्टनचा तपास करताना तावाचा कागद मागणारा ग्राहक आजही दुर्मीळ आहे.

सगळ्याच ओतीव भागांना ही भट्टी मानवत नाही, हेही सांगितले पाहिजे. स्कूटर-मोटारसायकलच्या इंजिनाची कवचे बहुधा उच्च दाबाच्या डाय कास्टिंगने बनतात. रस इतक्या वेगाने साच्यात मारला जातो की हवा आत अडकून दबून राहते. तो नग पाचशे अंशांवर नेला की धातू मऊ होतो, दबलेली हवा फुगते आणि पृष्ठभागावर फोड येतात. त्यामुळे अशा भागांना पूर्ण ताव देता येत नाही, ही समजूत अनेक दशके पक्की होती. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेत रॉजर लमली आणि सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की पहिल्या भट्टीचे तापमान थोडे उतरवून वेळ तासांवरून मिनिटांवर आणली तर फोड यायच्या आत काम उरकते. आता साच्यातली हवा आधी खेचून घेण्याची तंत्रेही आली आहेत.

भंगाराचा मुद्दा खानदेशासाठी अधिक जवळचा आहे. खनिजापासून एक किलो ॲल्युमिनियम काढायला सुमारे १४ युनिट वीज लागते; जुने वितळवून वापरायला तिच्या विसाव्या हिश्श्याएवढी ऊर्जा पुरते. त्यामुळे छोट्या ओतशाळा भंगारावर चालतात, आणि त्या चालल्याच पाहिजेत. अडचण अशी की तुटकी चाके, जुने पिस्टन, पातेली आणि खिडक्यांच्या चौकटी एका कढईत गेल्या की बाहेर येणारा धातू कोणता, हे कुणी सांगू शकत नाही. प्रत्येक वितळणीत लोखंड थोडे वाढते, आणि एकदा शिरलेले लोखंड काढण्याचा स्वस्त उपाय नाही. ते लांब, ठिसूळ पात्यांच्या रूपात धातूत बसते. उलट मॅग्नेशियम रसाच्या पृष्ठभागावर जळून मळीबरोबर निघून जाते. ०.३५ टक्क्यांतले अर्धे गेले तरी ओतीव नग तसाच चकाकतो. पण मग त्याला भट्टीत दिवसभर ठेवून काही हाती लागत नाही. ज्या कणांनी वाट अडवायची, ते बनायला मालच उरलेला नसतो. नागपुरात १९८९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र या धातूच्या पुनर्वापरावर काम करते. तिथले ज्ञान छोट्या ओतशाळेपर्यंत पोचायचे तर प्रत्येक वितळणीची रासायनिक तपासणी परवडेल अशा दरात जवळ मिळायला हवी. ती मिळेल तेव्हा भंगारातूनही चांगले नग निघतील, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

आता महामार्गाकडे. ‘ॲलॉय व्हील रिपेअर’ अशी पाटी आज कुठल्याही जिल्ह्याच्या गावी दिसते. खड्ड्यात काठ दबलेले चाक जॅकवर चढवायचे, दबलेल्या जागी गॅसचा भडका धरायचा, धातू नरम झाला की दाबून गोल करायचे, वर पुट्टी आणि रंग. चाक पुन्हा गोल होते, हवा धरते, थरथर जाते. कारागिराच्या हातात कसब असते, आणि गिऱ्हाइकाचे नव्या चाकाचे हजारो रुपये वाचतात. दोघांपैकी कुणी कुणाला फसवत नसते.

पण ऑक्सि-ॲसिटिलीनची ज्योत तीन हजार अंशांच्या वर असते आणि ॲल्युमिनियम तापल्याचे दाखवत नाही. चाकाची कमाई १६० अंशांच्या आसपास मोजून केलेली. तिथे ३०० अंश काही मिनिटे राहिले तरी सुया जाड होऊन विरळ होतात. ४०० पर्यंत गेले तर त्या ठिकाणचा ताव पुसलाच गेला. काही कारागीर जागेवर साबण घासतात आणि तो काळपट पडला की थांबतात. पत्रा ठोकण्यापूर्वी मऊ करायला ही जुनी युक्ती चांगली आहे, आणि नेमकी म्हणूनच चाकासाठी वाईट: साबण काळा पडणे म्हणजे धातू मऊ झाल्याची खूण. चाकाचा तेवढा पट्टा आता ८०-१०० न्यूटनच्या वर्गात येतो, शेजारचा भाग २२० च्या. पुढचा खड्डा त्याच जागी बसला तर काठ पुन्हा दबेल, या वेळी अधिक सहज.

वेल्डिंगचे तसेच. तडकलेल्या चाकावर टिग वेल्डिंग करताना सर्रास वापरली जाणारी ४०४३ ची सळई ५ टक्के सिलिकॉनची असते आणि तिच्यात मॅग्नेशियम जवळपास नसते. जोड दिसायला सुंदर येतो, पण त्याला नंतर भट्टी दिली तरी तो फारसा टणक होत नाही. मॅग्नेशियम असलेली ४६४३ सारखी सळई त्यासाठीच बनवली गेली. तीही वापरली तरी जोडाच्या दोन्ही बाजूंचा तापलेला धातू पूर्ववत करायचा तर संपूर्ण चाक पुन्हा ५४० अंश, पाणी आणि दुसरी भट्टी यांतून न्यावे लागेल, आणि त्यात ते वाकडे झाले तर पुन्हा लेथवर चढवावे लागेल. गॅरेजात हे होणारे काम नाही. काठावरचा हलका वाक ताप न देता, दाबाने काढता आला तर ते एक वेळ समजण्यासारखे आहे. आरीला किंवा मधल्या भागाला तडा असेल तर ते चाक गाडीवर परत जाऊ नये, आणि हे सांगताना लेखकाला जराही संकोच वाटत नाही. त्या चाकाच्या भरवशावर घरातली माणसे बसतात.

नवे चाक बाजारात येण्यापूर्वी त्याची परीक्षा किती कडक असते ते पाहिले म्हणजे हा आग्रह कशासाठी ते कळते. धक्का-चाचणीत टायरसकट चाक १३ अंशांत तिरपे बांधतात आणि त्याच्या काठावर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन सोडतात. वजनाचे सूत्र असे: चाकावर येणाऱ्या कमाल भाराच्या सहा दशांश, अधिक १८० किलो. पाचशे किलो भाराच्या चाकाला ४८० किलोचा घाव. त्यानंतर मधल्या भागात आरपार तडा दिसता कामा नये आणि हवा एकदम निघून जाता कामा नये. शिवाय वळणावरचा आणि सरळ रस्त्यावरचा भार लाखो फेऱ्या देऊन थकवा मोजतात. भडक्याखालून आलेले चाक यातली एकही परीक्षा पुन्हा देत नाही. ते सरळ रस्त्यावर जाते.

गॅरेजवाल्यांना दोष देऊन यातले काही बदलणार नाही. त्यांना हा फरक डोळ्यांनी दाखवता येतो, आणि तो दाखवण्याची साधने जळगावात आहेत. बांभोरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासूनचे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासूनचे, शिवाय शासकीय तंत्रनिकेतन. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ब्रिनेल कठीणता चाचणी अभ्यासक्रमातच असते. दहा मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी ५०० किलो भाराने धातूत दाबायची आणि उमटलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा, एवढीच ती चाचणी. पूर्ण ताव दिलेल्या एलएम-२५ ची कठीणता ९० ते ११० भरते, ओतलेल्या तशाच धातूची ५५ ते ६५. खळग्याच्या भाषेत सांगायचे तर पहिला सुमारे अडीच मिलिमीटरचा, दुसरा ३.२ च्या आसपास. हा फरक भिंगाशिवायही जाणवतो. दुरुस्त होऊन पुन्हा वाकलेले, शेवटी भंगारात गेलेले चाक घ्यावे, भडका दिलेल्या जागेपासून शाबूत भागापर्यंत त्याची पट्टी कापावी आणि दर दोन सेंटिमीटरवर एक खळगा घ्यावा. जिथे ज्योत फिरली तिथे खळगे मोठे येतील. एखाद्या शनिवारी चौफुलीवरच्या आठ-दहा कारागिरांना बोलावून विद्यार्थ्यांनी ही पट्टी त्यांच्या हातात द्यावी, आणि पुढच्या वेळी ज्योतीशेजारी धरायला चारशे अंशांपर्यंत मोजणारा थर्मोकपलही द्यावा. असली चाके किलोच्या भावाने मिळतात. कापायला हॅकसॉ, घासायला एमरी पेपर आणि मोजायला वीस पटींचा छोटा सूक्ष्मदर्शक लागतो. या तिन्ही वस्तू कॉलेजच्या कार्यशाळेत आहेत.